मास्टर्स स्नूकर जिंकून क्रमवारीत काहीच फरक पडत नाही, मग तिला एवढा मान का?

तुमचा मुद्दा असा की लंडनची मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा, तिचा क्रमवारीशी संबंध नाही, म्हणजे ती हौसेच्या सामन्यांसारखीच झाली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. कॉलेजात असताना आम्ही तासावर टेबल घेऊन खेळायचो, तेव्हा माझ्या लेखी वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडून बाकी सगळं किरकोळ होतं.

घोळ 'निमंत्रित' या शब्दाने होतो. आयोजकांनी मर्जीतल्या लोकांना आवतण दिलं असेल असं वाटतं. १९७५ साली पहिली मास्टर्स झाली तेव्हा खरंच दहाच जणांना बोलावलं होतं. आता मात्र कुणाची मर्जी चालत नाही. जागतिक क्रमवारीतले पहिले सोळा, बस्स. सतरावा कितीही लाडका असला तरी घरी बसून टीव्हीवर बघतो. क्रमवारी हल्ली बक्षिसाच्या रकमेवरून ठरते आणि मास्टर्सची रक्कम त्यात धरत नाहीत, हे तुमचं बरोबर. पण तिथे शिरायलाच आधी क्रमवारी कमवावी लागते.

सोळाच जण असल्यामुळे पहिल्या फेरीपासून सोपा प्रतिस्पर्धी नावाला मिळत नाही. इतरत्र मोठा खेळाडू सुरुवातीला एखाद्या नवख्यासमोर हात मोकळा करून घेतो, इथे पहिल्याच दिवशी समोर जगज्जेता असू शकतो. शिवाय सगळे मिळून १५ सामने आणि टेबल एकच. वर्ल्ड चॅम्पियनशिप जिथे होते त्या शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये उपांत्य फेरीपर्यंत मध्ये पडदा लावून दोन टेबलं चालतात. मास्टर्समध्ये पहिल्या फ्रेमपासून, म्हणजे सामन्यातल्या पहिल्या डावापासून, अख्ख्या सभागृहाचे डोळे तुमच्याच क्यूवर. दडपण क्रमवारीचं नसतं, ते असं येतं.

पॉल हंटरने ही स्पर्धा तीनदा जिंकली आणि तिन्ही वेळा फायनल १०-९. २००१मध्ये फर्गल ओब्रायनविरुद्ध २-६ मागे, २००२मध्ये मार्क विल्यम्सविरुद्ध चक्क ०-५, २००४मध्ये रॉनी ओसलिव्हनविरुद्ध २-७. एकदा झालं तर नशीब म्हणू, तीनदा? २००६मध्ये वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी कॅन्सरने तो गेला. आज मास्टर्सच्या करंडकाला त्याचंच नाव आहे. ओसलिव्हनची आठ विजेतेपदं आहेत, पहिलं १९व्या वर्षी आणि आठवं ४८व्या, तरी माझ्यासाठी मास्टर्स म्हणजे हंटर.

पूर्वी सोळांच्या बाहेरच्या एक-दोघांना वाइल्ड कार्ड मिळायचं. चीनचा डिंग जुनहुई २००७मध्ये तसाच आला, १४७चा ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत टेबल साफ करून कमाल गुण मिळवले, आणि थेट फायनलला पोचला. तिथे ओसलिव्हनने त्याला १०-३ धुतलं. सामना संपायच्या आधीच पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ओसलिव्हन त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर घेऊन गेला. चार वर्षांनी डिंग ही स्पर्धा जिंकला. वाइल्ड कार्ड आता बंद झालं. मला ते थोडं खटकतं.

खटकायला आपलंही कारण आहे. हा खेळ जन्मला जबलपूरच्या इंग्रज छावणीत, पण पहिल्या सोळांत अजून एकही भारतीय पोचलेला नाही. मुंबईचा आदित्य मेहता २०१३मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनची फायनल खेळला, समोर हाच डिंग, निकाल ०-५. ती क्रमवारीची स्पर्धा होती, म्हणजे पात्रता फेरीतून येणाऱ्याला दार उघडं होतं. मास्टर्सला तसलं दारच नाही.

जानेवारीत असते, बघा. तोपर्यंत दम निघत नसेल तर २००४ची फायनल शोधा आणि २-७पासून पुढे बघायला बसा.