चर्चमध्ये मुलांबरोबर ६ डिसेंबरला संत निकोलसचा सण कसा साजरा करावा?

जर्मनीत मुलं ५ तारखेच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडतं. चर्चमध्ये हेच करता येतं: मुलं आत प्रार्थनेला बसली की मोठ्यांनी बाहेरच्या बुटांत खाऊ ठेवायचा.

पण आधी गोष्ट सांगा, नाहीतर उरतो फक्त खाऊ. निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. हुंड्याला पैसे नसलेल्या एका बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. म्हणून सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी! हुंडा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही, त्यामुळे गोष्ट लगेच भिडते.

निकोलस होणाऱ्याला बिशपचा उंच मुकुट आणि वाकडी काठी द्या, सांताची लाल टोपी नको. खोडकर मुलांना दम देणारा त्यांचा सोबतीही काही ठिकाणी असतो. लहानगी घाबरतात, त्याला वगळाच.

आणि मोठ्या मुलांना नुसतं घेणारं ठेवू नका. गरजू घरासाठी धान्याची पिशवी त्यांनीच भरावी, नाव न लिहिता.