वाचकांचे प्रश्न : शिकारीची गोळी

प्रश्न : माझा भाचा कॅनडात परवानाधारक शिकारी असून .३०८ (गोळीचा व्यास इंचांत) रायफलची काडतुसे दारू व गोळी भरून स्वतः तयार करतो. हरणासाठी त्याने कोणती गोळी निवडावी? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : वजनाआधी गोळीची घडण पाहावी. १५० ते १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक), शिशाचा गाभा तांब्याच्या आवरणाशी एकजीव केलेली गोळी उत्तम, कारण ती शरीरात फुलते पण विखुरत नाही आणि जनावर तडफडत राहत नाही; नेमबाजी स्पर्धेची गोळी, कितीही अचूक असली तरी, या कामाची नव्हेच. निव्वळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीहून लांब असल्याने काडतुसात खोल बसते व दाब वाढू शकतो, म्हणून बंदुकीच्या दारूचे माप त्याच गोळीच्या उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावे. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे.