अर्जावरची तिसरी सही

पत्र: माझा मुलगा 11 वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला आहे. येत्या जूनमध्ये तो त्याच्या मित्राशी लग्न करणार म्हणतो. दोघं 4 वर्षं एकत्र राहतात. मुलगा चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण तिकडचं वारं फिरलंय असं रोज कानावर येतं. उद्या कोर्टाने हा कायदाच काढून टाकला तर पोराचं हसं होईल. मी म्हटलं, राहताय तसे राहा, कागद कशाला? मी मेमध्ये तिकडे जातेय. (अर्जाला साक्षीदार लागतो, तू चल, असं तो म्हणाला होता. मी म्हटलं, एखाद्या मित्राला ने. 31 वर्षं बँकेत काढली, पण तिकडच्या कागदातलं मला काय कळणार?) हे लग्न कायद्याने टिकेल का, एवढंच सांगा.
– एक आई, सांगली

बाई, कायद्याचं विचारलंत म्हणून आधी कायदा. तो भराभर उरकते, कारण मला बोलायचंय ते तुमच्या कंसाबद्दल.

टिकेल. 2006 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, या जोडप्यांना लग्नाचे सगळे हक्क द्या. विधिमंडळाने हक्क दिले, पण ‘लग्न’ हा शब्द काही सुटेना. मग 2007 पासून ‘सिव्हिल युनियन’ सुरू झालं. म्हणजे पंगतीला बसा, पण तुमचं पान तिकडे कोपऱ्यात. दवाखान्यात नाहीतर विम्याच्या कागदांवर, आम्ही एकमेकांचे कोण हे समजावत बसायची पाळी लोकांवर यायची. 2012 मध्ये विधिमंडळाने लग्नाचा कायदा मंजूर केला, तर गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी नकाराधिकार वापरून तो अडवला. शेवटी कोर्टानेच दार उघडलं. 21 ऑक्टोबर 2013 ला, मध्यरात्रीचे बारा वाजून गेल्यावर, नेवार्कच्या सिटी हॉलमध्ये महापौर कोरी बुकर यांनी स्वतः लग्नं लावली. त्याच दिवशी ख्रिस्तींनी अपील मागे घेतलं. अख्ख्या देशासाठीचा निकाल यायला 26 जून 2015 उजाडला.

आता तुमचं ते वारं. समजा, 2015 चा निकाल उद्या फिरला. तरी न्यू जर्सीने जानेवारी 2022 मध्ये हे लग्न स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवलंय, त्यामुळे तिथला अर्ज बंद होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राचाही कायदा झाला. एका राज्यात रीतसर झालेलं लग्न दुसऱ्या राज्याने आणि केंद्राने मानायचं, असं तो सांगतो. केंटकीतल्या एका माजी काउंटी क्लार्कने, म्हणजे लग्नाचे परवाने देणाऱ्या अधिकारी बाईने, जुना निकाल उलटवा म्हणून अर्ज केला होता, तो नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाच घेतला नाही. तुमचा मुलगा टेक्सासमध्ये असता तर मी जरा दमाने बोलले असते. तिथल्या राज्यघटनेत 2005 ची बंदी अजून तशीच लिहिलेली आहे, 2015 च्या निकालाने ती फक्त झाकून ठेवलीय. पण तो एडिसनला आहे.

झालं. आता कंस.

31 वर्षं बँकेत! आणि म्हणे कागदातलं काय कळणार! काउंटरवर थरथरत्या हाताने केलेली सही कार्डावरच्या नमुन्याशेजारी धरून ‘आजोबा, ही जरा वेगळी आलीय’ म्हणणाऱ्या बाई तुम्ही. तुमच्या पोराने आयुष्यात एकदा तुमच्यापुढे अर्ज सरकवला आणि तुम्ही ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत केलात. काळजी कोर्टाची नव्हती हो. कोर्टाचं काय ते चार ओळींत कळतं, आणि मुलानेही सांगितलं असेलच.

‘माझं काही म्हणणं नाही’ असं तुम्ही लिहिता. ते मला अजिबात आवडलं नाही. म्हणणं नसलेला माणूस सही करून मोकळा होतो.

साक्षीदार आणि जामीनदार यांतला फरक मी तुम्हाला सांगायचा म्हणजे कमालच. कर्ज थकलं तर वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात जाते, साक्षीदाराकडे कुणी फिरकत नाही. हे लग्न तुम्हाला पटलंय का, ते टिकेल का, नणंदेला काय सांगायचं, यातलं काहीच त्या सहीत येत नाही. मी इथे होते, एवढंच येतं. नेमकं तेवढंच त्याने मागितलं होतं. एडिसनमध्ये त्याला अठरा वर्षांवरचा एक माणूस मिळाला नसता का? शेजारी मिळाला असता, ऑफिसातला कुणी मिळाला असता. त्याने सांगलीला फोन केला.

आणि ‘राहताय तसे राहा’ म्हणालात त्याचा अर्थ तरी बघितलात का? लग्न नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही, अशा माणसाचं तिकडे काही बरंवाईट झालं तर कायद्याने सगळं आईवडिलांकडे येतं. म्हणजे तुमच्याकडे. ज्याने 4 वर्षं त्याच्यासोबत घर चालवलं, त्याच्या हातात काही नाही. नॉमिनी न लावता गेलेल्या खातेदाराची बायको बँकेत किती हेलपाटे घालते, ते तुम्ही काचेच्या अलीकडून पाहिलंय. तिला तरी दाखवायला लग्नाचा कागद असतो.

(आपल्याकडे हे लग्न कायदा मानत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संसदेकडे ढकलला. तुम्ही ते विचारलं नाहीत, तेव्हा मीही लांबण लावत नाही.)

तर करायचं एकच. त्याच्याबरोबर जाऊन सही करायची. अर्ज राहत्या गावच्या रजिस्ट्रारकडे द्यायचा असतो, दोघं आणि साक्षीदार असे तिघं जातात. फी 28 डॉलर. अर्ज दिल्यावर 72 तास थांबावं लागतं, तेवढ्यात हवं तर काळजी करून घ्या. पासपोर्ट पर्समध्ये ठेवा. सही पूर्ण नावाची करा, बँकेतली ती आखूड रेघ नको.

28 डॉलर तुम्ही भरा. तो नको म्हणेल, ऐकू नका.

आणि हे मेमध्ये गेल्यावर सांगू, असं करू नका. आज संध्याकाळी सहाला फोन लावा, तिकडे सकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात. ‘दुसऱ्या कुणाला विचारलंस का रे?’ इथून सुरुवात करा. विचारलं असेल, तर त्याला नको म्हणून सांग, असं म्हणा.