गळती जूनमध्ये दिसते, काम मार्चमध्ये होतं

घरदुरुस्तीच्या धंद्यात मागणीला हंगाम असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ग्राहकाला गरज जाणवते एका ऋतूत आणि काम नीट होतं दुसऱ्याच ऋतूत. ठेकेदारांकडून आलेले बहुतेक प्रश्न या अंतरातूनच निघालेले आहेत.

पहिल्या पावसानंतर फोन थांबत नाहीत, दसऱ्यानंतर मात्र कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात माणसं बसून राहतात. काय करावं? (वॉटरप्रूफिंग ठेकेदार, ठाणे)

जूनमध्ये फोन करणाऱ्याला पुढच्या मार्चचा ग्राहक समजा. मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या काळात स्लॅब आतून ओला असतो. त्यावर कोटिंग मारलं की फुगे येतात, वर्षाच्या आत ते सोलून निघतं आणि नाव तुमचं जातं. तेव्हा पावसात फार तर खुर्रा (गच्चीचं पाणी पाइपात जाण्याची खोलगट जागा) आणि पाइप साफ करा, भेगा तात्पुरत्या बुजवा आणि हे तात्पुरतं आहे असं बिलावर लिहून द्या.

पावसाळ्यातलं तुमचं खरं काम पाहणीचं आहे. तिची फी घ्या, लाजू नका. छतावर ओलीचा डाग असेल तर त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. मध्ये आठवडाभर उघडीप मिळाली की पुन्हा जा. पाऊस नसतानाही डाग रेघेबाहेर सरकला असेल, तर आधी वरच्या मजल्याचं न्हाणीघर आणि नळाचे सांधे तपासा, गच्चीला नंतर हात लावा. हे दाखवून दिलंत की ते घर सहसा दुसऱ्या ठेकेदाराला फोन करत नाही.

नोव्हेंबरपर्यंत घरचे लोक डाग विसरलेले असतात. तेव्हा तोच फोटो एस्टिमेटसोबत पाठवा. दिवाळीच्या बोनसमधून बुकिंगची रक्कम निघते, काम जानेवारी ते मार्चमध्ये धरा. मे महिन्यावर भिस्त ठेवू नका. कोब्याला (गच्चीवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराला) रोज पाणी मारायचं असतं, नंतर बांध घालून ४८ तास पाणी भरून चाचणी घ्यायची असते आणि मेमध्ये तर कितीतरी सोसायट्या स्वतःच टँकरवर असतात.

दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच रंग हवा असतो. भाव वाढवावा का? (रंगकाम ठेकेदार, नाशिक)

ऐन वेळी भाव वाढवलेला लोक लक्षात ठेवतात. त्यापेक्षा गणपतीच्या आधी बुकिंग करणाऱ्याला सवलत द्या आणि नवरात्रानंतर नवीन घर घेऊच नका. तुमच्याकडे तीन टोळ्या असतील तर चौथ्या घराला नाही म्हणता आलं पाहिजे. धनत्रयोदशीच्या दिवशी हॉलमध्ये शिडी उभी असलेलं घर पुढची दहा वर्षं तुमच्याबद्दल बोलत राहतं.

दुसरं म्हणजे कॅलेंडर दरवर्षी नव्याने मांडा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. पाऊस जेमतेम सरलेला, त्यामुळे बाहेरच्या भिंती वाळायला दिवसच नव्हते. २०२६ मध्ये अधिक महिना आल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे बाहेरच्या रंगासाठी अडीच आठवडे जादा. अशा वर्षी बाहेरचं काम दिवाळीआधी घ्या. दिवाळी लवकर असेल तर आतलं आधी करा आणि बाहेरचं डिसेंबरमध्ये, असं ग्राहकाला सरळ सांगा. ओल्या भिंतीवर प्रायमर चढवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नवीन गिलावा असेल तर निदान चार आठवडे रंगाचं नावच काढू नका.

आणि कारागिरांशी श्रावणातच बोला. बिहार-पूर्वांचलचे रंगारी छठला गावी जातात. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, पण रेल्वेची तिकिटं त्याच्या कितीतरी आधीची असतात. ते कधी निघणार हे ग्राहकाला शब्द देण्याआधी कळायला हवं.

आमच्याकडे घरं वर्षभर बंद. मालक मुंबईला. श्रावणात फोन येतो, ‘गणपतीच्या आधी घर करून ठेवा.’ (गवंडी-ठेकेदार, सिंधुदुर्ग)

मे महिन्यात चाकरमानी मुलाबाळांसह गावी असतो, तेव्हाच त्याला गाठा. मालकासोबत घराला फेरी मारा. कौलं परतायची का, वासा कुठे किडलाय, पन्हळ कुठे गळते, जांभ्याच्या भिंतीत ओल कुठून शिरते, हे त्याला डोळ्यांनी पाहू द्या. फोनवर न पटणारा खर्च अंगणात उभं राहिल्यावर पटतो. छपराचं काम पाऊस लागण्याआधी उरका.

श्रावणासाठी आतलं तेवढंच ठेवा: गणपतीची भिंत, माटवीचे (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे) हूक, वायरिंग, संडास, पाण्याचा पंप. बाहेरच्या भिंतीला तेव्हा रंग लावायला सांगितलं तर नाही म्हणा. पैसे मिळतील, पण शिमग्यापर्यंत पोपडे निघतील. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे आतल्या रंगाच्या दोन हातांमध्ये वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ देता येईल. तो वेळ जादा घरं घेण्यात घालवू नका. दर आठवड्याला व्हिडिओ पाठवा. दूर बसलेल्या माणसाला काम चालू आहे एवढं दिसलं, तरी तो पुढचा हप्ता न मागता पाठवतो.

सोसायट्यांची मोठी कामं कधी ठरतात? (ठेकेदार, पुणे)

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, मोठ्या खर्चाला मंजुरी बहुधा तिथेच मिळते. म्हणून पाहणी आणि कोटेशन जुलै-ऑगस्टमध्ये कमिटीच्या हातात पडायला हवं, ऑक्टोबरमध्ये कागद घेऊन जाणाऱ्याला उशीर झालेला असतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. आपल्या भागातल्या इमारतींची वयं एका वहीत मांडा, पुढच्या दोन वर्षांत कुणाकडे काम निघणार ते आजच दिसेल.

जुलैत दारं फुगतात, लोक रंधा मारून द्या म्हणतात. मारू का? (सुतार, रत्नागिरी)

अडेल तेवढीच कड घासा. जास्त काढलंत तर थंडीत दार आकसून फट पडेल. फेब्रुवारीत पुन्हा जा, दाराची वरची-खालची कड पॉलिशने बंद करा आणि त्याच फेरीत खिडक्याही बघून घ्या.