तळ्याला चारी बाजूंनी भिंत घालायची का?

प्रश्न : आमचं गाव मालवण तालुक्यात, देवळासमोर जुनं तळं आहे, पणजोबांच्याही आधीचं. कमळं आहेत, खंड्या, अडई दिसतात, पावसात कमळपक्षी येतात. आता सुशोभीकरणाचा फंड आलाय, चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, लाईट. शिवाय मच्छर नकोत म्हणून गप्पी मासे सोडायचे म्हणतात. मला पटत नाही पण मीटिंगमध्ये सांगू काय?
– एक वाचक

उत्तर : दादा, एवढंच लावून धरा की देवळाकडची बाजू बांधा पण व्हाळाकडचा, म्हणजे ओढ्याकडचा काठ कच्चा राहूदे. तळ्याचा जीव सगळा त्या चिखलाच्या उतारात असतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातून वर येतात ते अंडी घालायला, तिथे उभी भिंत आली की वाटच बंद, बेडकांचंही तेच. ढासळलेल्या जागी जांभ्याचे चिरे सिमेंट न भरता रचा, फटी राहतात, त्यात खेकडे राहतात. आणि लाईट लावलेच तर पाण्यावर मारू नका.

गप्पी तर नकोच. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, एकदा सुटला की व्हाळातून कुठेही जाईल. मच्छरांच्या अळ्या खायला चतुर किड्याची पिल्लं आहेत की पाण्यात! सकाळी लवकर जाऊन लव्हाळ्याच्या काड्या बघा, पाठीवर फाटलेली सुकी कात चिकटलेली दिसेल, त्यातूनच चतुर बाहेर पडलेला असतो. काठच गेला तर हे कुठे चढणार?

गाळ काढायला हरकत नाही, पण पाऊस पडायच्या आधी, आणि यंदा अर्धा, पुढच्या वर्षी अर्धा, म्हणजे कमळाचे कंद शिल्लक राहतील.

मीटिंगमध्ये जवळची उदाहरणं द्या. आपल्याच तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाचं कुंड तर एका छोट्याशा माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं. २००२ च्या कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, तिच्या नोंदवहीत तुमचं तळं आहे का ते आधी विचारा, नसेल तर घालायला लावा आणि या पावसात कुठला पक्षी कधी दिसला ते तारखेसकट लिहून ठेवा.

कमळपक्ष्यांत अंडी उबवायचं काम नराचं, पिल्लांना पंखाखाली घेऊन तोच पानांवरून चालतो. तसा दिसला तर फोटोसाठी पाण्यात उतरू नका हं, देवळाच्या पायरीवरूनच बघा.