बातमी पहिल्या हिवाळ्याची असते

प्रिय,

पेपरातली तुझी बातमी वाचली. मनापासून अभिनंदन! तुझं पत्रही मिळालं. सगळीकडून कौतुक होतंय, आणि उष्णता साठवणाऱ्या त्या मिठाचं काम अजून कच्चं आहे म्हणून तुला धास्ती वाटते. ही धास्ती जप, ती तुझ्या कामाची आहे.

मारिया टेल्केश हे नाव तू ओझरतं ऐकलं असशील. १९०० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या पत्रकारांनी त्यांना थेट 'सूर्यराणी' करून टाकलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी समुद्रात अडकलेल्या लोकांसाठी उन्हावर खारं पाणी गोडं करणारं तरंगतं साधन बनवलं होतं. पण नाव गाजलं ते १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हरच्या घरामुळे. आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा आणि ऊब टेल्केश यांच्या ग्लॉबर मिठाची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सोडियम सल्फेटच्या स्फटिकांची. दक्षिणेच्या काचांमागे तापलेली हवा पंख्यांनी मिठाच्या डब्यांपर्यंत न्यायची. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला मीठ वितळताना उष्मा पोटात घ्यायचं आणि रात्री गोठताना परत द्यायचं. बर्फाळ प्रदेशात भट्टीशिवाय घर! लोक ते बघायला येत, आणि बातम्या तर येतच होत्या.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत मीठ बिघडलं. कारण तुझ्या विषयातलंच आहे, म्हणून नीट सांगतो. हा स्फटिक वितळतो तेव्हा त्यातलं सगळं सल्फेट सुटलेल्या पाण्यात विरघळत नाही. निर्जल सोडियम सल्फेटचा साका तळाशी बसतो, द्रावण वर राहतं. थंड होताना दोघांची पुन्हा पुरती गाठ पडत नाही, म्हणून वितळण्या-गोठण्याच्या दर फेरीला साठवणक्षमता थोडी घटते. शिवाय द्रावण ३२ अंशांखाली गेलं तरी गोठायला तयार नसतं. त्यावर टेल्केश यांनी टाकणखार घालून स्फटिकांना सुरुवात करून द्यायचा उपाय काढला. साका बसण्याचा प्रश्न मात्र चिवट निघाला.

मला त्या मोठ्या वाटतात ते यापुढच्या वागण्यामुळे. सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स या अमेरिकेतल्या महिला अभियंत्यांच्या संघटनेने १९५२ मध्ये आपला पहिला पुरस्कार त्यांना दिला, तेव्हा डोव्हरचं मीठ बिघडलेलं होतं. तो पुरस्कार योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. नावाच्या जोरावर त्यांना पुढच्या कामाला पैसे मिळाले, त्यातून सूर्यचूल झाली. आणि १९७० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, डेलावेअर विद्यापीठात त्या याच मिठाला घट्टपणा आणून साका अधांतरी ठेवण्यामागे लागल्या होत्या. सूर्यराणी म्हणवून घेऊन त्या स्वस्थ बसल्या नाहीत.

तेव्हा मुलाखतीला बोलावलं तर जरूर जा. किती फेऱ्यांपर्यंतचे आकडे हाती आहेत तेवढं मात्र स्पष्ट सांग. वार्ताहराने ते गाळलं तरी तू सांगितलेलं असू दे. कुणी 'क्रांती' म्हणालं तर तिथल्या तिथे आकडा पुढे कर.

आता कामाचं. तुझ्या आलेखात फक्त पहिल्या काही फेऱ्या दिसतात. चाचणी किमान पाचशे फेऱ्यांपर्यंत ने. वितळलेला नमुना ढवळून घेऊ नकोस. नळीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून वेगवेगळा काढ आणि तिन्हींचा अप्रकट उष्मा, म्हणजे वितळताना पोटात घेतलेला उष्मा, स्वतंत्र मोज. घट दिसली तर ते आकडे आधी मला पाठव.

तुझा,
सर