बिघडलेला कॅमेरा

प्रिय ताई,

ऑनलाइन ओळख होऊन चार महिने झाले, तो भर समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनिअर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मध्यंतरी ‘खातं गोठलंय’ म्हणून त्याने थोडे पैसे घेतले आणि आठवड्यात परत केले. आता तुम्हाला पाठवलेलं पार्सल अडकलंय, ते सोडवायला मोठी रक्कम हवी. मुलीला एवढ्यात सांगू नकोस, हेही त्याचंच म्हणणं. तो खरा असेल का, असं विचारता.

पैसे पाठवू नका.

ते थोडे पैसे परत आले म्हणून तुमचा विश्वास बसला ना? त्यासाठीच ते परत आले. गळाला आमिष लावताना कुणी हात आखडता घेत नाही. डाव जुनाच आहे. 19व्या शतकात लोकांना पत्रं यायची की स्पेनच्या तुरुंगात एक श्रीमंत माणूस अडकलाय, सोडवायला मदत करा, मोठा वाटा मिळेल. पैसे गेले की नवी अडचण उभी. तेव्हा कैदी अडकायचा, आता पार्सल अडकतं.

त्याचा कॅमेरा कायम बिघडलेला असतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथेच थांबले. जिथून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला गुलाबाचा फोटो येतो, तिथून दोन मिनिटं चेहरा दिसू नये? त्याचे फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा, दुसऱ्याच कुणाचे निघू शकतात. नाही सापडले तरी तो खरा ठरत नाही. आणि उद्या कॅमेरा ‘दुरुस्त’ झाला तरी भुलू नका, व्हिडिओ कॉलवर खोटा चेहरा लावता येतो हल्ली.

मला खटकलं ते ‘मुलीला सांगू नकोस’. तिने पाच मिनिटांत ओळखलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

त्याला जाब विचारत बसू नका, त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, तक्रारीला लागतील. ओळखपत्राचा फोटो किंवा खात्याचा तपशील त्याला दिला असेल तर आजच बँकेला कळवा. खाजगी फोटो दिले असतील आणि तो धमकावू लागला, तरी एक पैसा देऊ नका. एकदा दिलं की मागणी वाढतच जाते.

मुलगी आधी चिडेल. चिडू द्या. उद्या सकाळी सहाला गुलाब येईल, तेव्हा फोन तिच्या हातात असू दे.